दात कशाने तुटला, हे विचारायला दंतवैद्यांना शिकवा

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

तालुक्याच्या एका गावी मी गेली 19 वर्षे दातांचा दवाखाना चालवते. काही वर्षांपूर्वी पंचविशीतली एक बाई वरचा पुढचा दात रुमालाच्या घडीत गुंडाळून माझ्याकडे आली. सोबत सासू होती. ‘मोरीत पाय घसरला,’ असे सासूनेच सांगितले आणि मी केसपेपरवर तेवढेच लिहिले. दात पार कोरडा पडला होता, म्हणजे घटना आदल्या रात्रीची होती. तरी यायला इतका वेळ का लागला, हे मी विचारले नाही. मोरीत पडलेल्या माणसाचे तळहात आणि कोपर खरचटतात. तिचे हात स्वच्छ होते, आणि कानामागचा काळानिळा डाग पिवळा पडत चालला होता. हे सारे मला दिसले होते. पुढे काय करायचे, ते मला येत नव्हते. आठ महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा शेजारचा दात गेला होता.

बीडीएसला आम्ही चाव्याच्या खुणा आणि दातांवरून मृतदेहाची ओळख पटवणे शिकलो. समोर बसलेल्या जिवंत बाईला ‘घरी कोणी मारते का?’ हे कसे विचारावे, यावर एकही तास झाला नाही. घरात मार खाणाऱ्या बाईच्या डोक्याला, तोंडाला आणि मानेला अनेकदा इजा होते, आणि ती दाखवायला ती आमच्याकडे येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम 14 टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितल्याची नोंद आहे. म्हणजे बाकीच्या स्वतःहून बोलणार नाहीत, हे धरूनच आम्हाला तयार करायला हवे.

आमच्या कामात एक सोय आहे, जी इतर डॉक्टरांना क्वचित मिळते. रूट कॅनालसाठी तीच बाई तीन-चार वेळा येते, त्यामुळे पहिल्या खेपेला न सांगितलेले ती तिसऱ्या खेपेला सांगू शकते. शिवाय ‘एक्स-रे काढायचा आहे, जरा बाहेर थांबा,’ असे म्हटले की सोबतचा नवरा किंवा सासू कुरकुर न करता बाहेर जाते. ती दोन मिनिटे पुरतात, पण तेव्हा काय बोलायचे याचा सराव हवा. सोबतच्या माणसासमोर विचारायचे नाही, नवऱ्याला बोलावून समजावायला जायचे नाही, आणि घरी पर्समध्ये सापडेल असा कागद तिच्या हाती द्यायचा नाही. तिने 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ करून जाणे अधिक सुरक्षित. तक्रार करायची की नाही, हा निर्णय प्रौढ स्त्रीचा असतो, आणि तो तिच्यावर सोडणे हेही शिकावेच लागते.

नोंदीबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहिते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार दात तुटणे किंवा निखळणे ही ‘जबर दुखापत’ ठरते. म्हणजे मी ‘पडल्याने’ हा एक शब्द लिहिला, तेव्हा तिच्या हातचा पुरावाच मी पुसला. कोणता दात, कोणत्या पृष्ठभागावर तुटला, ओठाला आतून जखम आहे का, डागांचे रंग कोणते, आणि कारण कोणी सांगितले, तिने की सोबतच्या व्यक्तीने, एवढे लिहायला पाच मिनिटे लागतात.

मुलांच्या बाबतीत अधिक जपून पाहावे लागते. चालायला न लागलेल्या बाळाच्या वरच्या ओठाची आतली पट्टी फाटलेली दिसली, तर कारण नीट विचारलेच पाहिजे. मात्र किडलेले दात दिसले की आईबापांवर हेळसांडीचा शिक्का मारणे चूक आहे, कारण पुष्कळदा तिथे गरिबी असते. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने कळवणे बंधनकारक आहे. हेसुद्धा माझ्या किती तरी सहकाऱ्यांना ठाऊक नाही.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांना मदत करणारे ‘दिलासा’ केंद्र सुरू होऊन दोन दशके उलटली. रुग्णालयातले कर्मचारी हे काम शिकू शकतात, हे आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे. म्हणून विनंती अशी, की नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत दंतवैद्यकीय इंटर्नशिपमध्ये या विषयाचे किमान दोन दिवसांचे प्रशिक्षण, संवादाच्या प्रत्यक्ष सरावासह, सक्तीचे करावे. आमच्यासारख्या जुन्यांना ते सीडीईच्या, म्हणजे दंतवैद्यांच्या निरंतर शिक्षणाच्या, गुणांत मोजून द्यावे. आणि दवाखान्यातील मदतनीस मुलींनाही त्यात घ्यावे, कारण बाया पुष्कळदा आधी त्यांच्यापाशीच बोलतात.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही, हे आपल्या विभागाने प्रत्येक दंतवैद्याला लेखी कळवावे, आणि त्याच पत्रात त्या भागातील संरक्षण अधिकाऱ्याचा, म्हणजे या कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करणाऱ्या अधिकाऱ्याचा, दूरध्वनी क्रमांक द्यावा. मला तो मिळवायला तीन कार्यालये फिरावी लागली, आणि तोवर त्या बाईने माझ्याकडे येणे थांबवले होते.

आपली विश्वासू,
एक दंतवैद्य