ड्राउझी म्हणजे पेंग

प्रिय मिलिंद,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी बसमध्ये लोंबकळत होतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पाकिटावर ‘मे कॉज ड्राउझिनेस’ वाचून काकूंनी सर्दीची गोळी बाजूला ठेवली, डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली म्हणाल्या. हसू आलं, पण त्यांचं अगदीच चुकलंय असंही नाही.

ड्राउझी म्हणजे झोपलेला नव्हे, पेंगुळलेला. एसटीत खिडकीशी बसलेला माणूस आठव. मान हळूहळू छातीवर येते, खड्डा आला की झटक्यात वर जाते, आणि विचारलं तर म्हणतो, ‘छे, जागाच होतो!’ हा माणूस ड्राउझी. घोरायला लागला की तो अस्लीप, तिथे हा शब्द चालत नाही. स्लीपी त्याचा सख्खा भाऊ, पण जास्त फिरणारा: निवांत, काही न घडणाऱ्या गावालाही इंग्रजीत स्लीपी म्हणतात. उच्चारात शेवटी ‘सी’ नको, आपल्या ‘झापड’मधल्या झ च्या जवळपास जा.

मराठीत काय म्हणावं, यावर मी दोन दिवस घासाघीस केली. सुस्ती नको, ती श्रीखंडानंतरची. गुंगी सर्वात जवळची, पण काकूंना तो शब्द सांगूच नकोस! गुंगीचं औषध म्हटलं की रेल्वेत चहा पाजून लुटल्याच्या बातम्या आठवतील. पेंग म्हण. ‘या गोळीने पेंग येऊ शकते.’ येईलच असंही नाही, त्या ‘मे’कडे आपण कुणी बघत नाही.

आता पेंग का, तर सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. ते हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाला अडवतं. नाकात हिस्टामिन शिंका आणतं आणि मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवतं. हे जुनं औषध मेंदूतही शिरतं, म्हणून शिंका थांबतात आणि डोळेही मिटतात. फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधं मेंदूत फारशी जात नाहीत. डॉक्टरांना विचारून बघ, बदलून देतील किंवा रात्री घ्यायला सांगतील.

मी स्वतः गेल्या पावसाळ्यात गोळी घेऊन स्कूटरवर निघालो होतो. सिग्नल हिरवा झालेला मला मागच्या रिक्षावाल्याने सांगितला, आणि ज्या शब्दांत सांगितला ते इथे लिहीत नाही.

त्याच पाकिटावर पुढे बारीक अक्षरात वाहन आणि मशिनरी चालवू नका, असं असेल बघ. मशिनरी म्हणजे कारखाना समजून सोडून देऊ नकोस. काकू दुपारी पिको-फॉलला बसतात ना? सुई बोटापासून केवढ्या अंतरावर असते, ते तू पाहिलंयस. गोळी घेतली की त्या दिवशी साड्या तशाच राहू देत.

तुझा,
अविनाश