पिशवी काढण्याआधी शिरा बघा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

वहिनीची पिशवी काढायचं ठरतंय असं दादानं काल सांगितलं. आई, "दोन पोरं झाली, आता कशाला हवी" असं म्हणून होकार देऊ नकोस. तिचं दुखणं पिशवीचं वाटत नाही. सकाळी बरी असते, दुपारनंतर ओटीपोट जड होतं, भाकऱ्या थापून होईस्तोवर ठुसठुस सुरू होते, आणि अर्धा तास आडवी झाली की उतार पडतो. हे शिरांचं लक्षण आहे. पाळीआधी वाढतं का, संबंधानंतर तासन्‌तास ठणकतं का, मांडीच्या मागे नव्या निळ्या शिरा दिसतात का, हे तू तिला एकटीला विचार.

बाबा, एसटीत उभं राहून राहून तुमच्या पोटरीच्या शिरा फुगल्या, तेच इथं ओटीपोटात होतं. अंडाशयाच्या शिरेतल्या झडपा रक्त वरच चढवतात. बाळंतपणात त्या शिरा कित्येक पटींनी फुगतात आणि काहींच्या झडपा नंतर नीट मिटत नाहीत. मग रक्त उलटं खाली येऊन साचतं. डावीकडं हे जास्त होतं, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवी थेट मोठ्या शिरेला.

"सोनोग्राफी नॉर्मल आहे, मनाचं आहे" असं तिला एकदा ऐकवलंय. त्याचा मला फार राग आला. आडवं झोपवून केलेल्या सोनोग्राफीत या शिरा रिकाम्या होतात, मग दिसणार काय? डॉपलर, म्हणजे रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगा, शक्यतो दुपारनंतर, उभं करून किंवा पोटाला जोर द्यायला लावून. शीर साधारण ६ ते ८ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि रक्त उलटं वाहताना दिसलं, तर पुढं सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरा दाखवणारा स्कॅन. त्यात डाव्या मूत्रपिंडाची शीर दोन धमन्यांमध्ये चेमटलीय का, आणि डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर दबलीय का, हे बघायलाच हवं. वरची वाट बंद असताना खालची शीर बुजवली तर दुखणं परत येतं, कधी वाढतंही.

उपचाराचं नाव एम्बोलायझेशन, म्हणजे बिघडलेली शीर आतून बुजवणं. ओटीपोटाच्या या दुखण्यासाठी तो पहिल्यांदा १९९३ साली नोंदवला गेला. पोट फाडत नाहीत. मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून दोनेक मिलिमीटरची नळी घालतात. जागा बधिर करतात, थोडी गुंगी देतात. डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडून शिरेचा नकाशा बघतात, मग खालच्या गुंतलेल्या शिरांत फेस सोडतात. दोन सिरिंज तीन तोंडांच्या चावीला जोडून एका भागाला चार भाग हवा घेऊन औषध वीसेक वेळा इकडून तिकडं ढकललं की साबणासारखा दाट पांढरा फेस होतो. तो काही मिनिटांत फुटतो, म्हणून ऐनवेळीच करतात. त्यानं शिरेची आतली भिंत चिकटते. वर मुख्य शिरेत धातूच्या बारीक स्प्रिंगा, म्हणजे कॉइल, बसवतात. शीर ८ मिलिमीटरची असेल तर कॉइल १० ची घेतात. लहान पडली तर सुटून हृदयातून फुप्फुसात जाते, मग ती फासाच्या तारेनं काढावी लागते. असं क्वचित होतं. मूत्रपिंडाच्या शिरेच्या २ सेंटिमीटर अलीकडं थांबतात, नाहीतर गुठळी तिच्यात उतरू शकते. एक ते दीड तासाचं काम, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. गर्भाशय, अंडाशय जागेवर राहतात, पाळी चालू राहते.

आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), गरोदरपणाची तपासणी, आणि डायची किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास ती सांगणं.

नंतर चार-पाच दिवस कंबरेत, ओटीपोटात कळा आणि बारीक ताप येतो. घाबरू नका, डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळ्या नियमित द्या. दोन आठवडे घागर, सिलेंडर उचलायचा नाही. पण जास्त ताप, दम लागणं, एक पाय सुजणं, यातलं काही झालं तर लगेच दवाखान्यात न्या. कॉइलचं कार्ड फाइलमध्ये जपा, पुढं एमआरआयवेळी लागतं.

दहातल्या सात-आठ जणींना चांगला आराम पडतो, पण पूर्ण फरक कळायला दोन-तीन महिने जातात. दोन आठवड्यांत "काय उपयोग झाला नाही" म्हणू नका. राहिलं तर बहुधा ओटीपोटाच्या आतल्या दुसऱ्या शिरा तशाच राहिलेल्या असतात, त्या पुन्हा बघतात.

हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे एक्स-रेत बघत नळीनं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं. दादानं कोल्हापुरात चौकशी करताना दोन गोष्टी विचाराव्यात: वर्षाला अशा किती केसेस करता, आणि डाव्या मूत्रपिंडाची शीर बघून मगच ठरवणार ना? इथं नाही जमलं तर पुण्याला जाऊ.

जुन्या फिल्मा पिशवीत दुमडू नका, सपाट ठेवून दादाबरोबर रविवारी पाठवा. वहिनीला भाकऱ्यांपासून आठवडाभर सुट्टी दे, आई.

तुमची,
सुषमा