गरम होणारी गाडी आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट

संपादक महाशय,

मे महिन्याच्या सुट्या लागल्या की बोरघाट, खंबाटकी, कसारा या चढांवर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांचे फोटो छापून येतात. खाली ठरलेला सल्ला असतो: पाणी तपासा, एसी बंद ठेवा. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पाणी ओतून गाडी घरापर्यंत येते, दुखणे तिथेच राहते. शिवाय आपल्याकडच्या कित्येक गॅरेजांत त्या दुखण्यावर जो इलाज होतो, तो बहुतेकदा दुखण्याहून वाईट असतो.

गाडी केव्हा गरम होते, हे आधी सांगता आले पाहिजे. सिग्नलला, गर्दीत तापमानाचा काटा वर जातो आणि मोकळा रस्ता मिळाला की खाली येतो, तर संशय फॅनवर घ्यावा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात रेडिएटरचा फॅन फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले म्हणजे फॅनला करंट जोडणारा विजेचा स्विच (तशाच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून पाहता येतो), मग बॅटरीवरून फॅनला थेट बारा व्होल्ट. थेट करंट देऊनही फिरत नसेल तर मोटर गेली. याउलट, गावात ठीक चालणारी गाडी चढावर किंवा शंभरच्या वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून क्षारांनी किंवा बाहेरून चिखल-किड्यांनी बुजलेला असतो, नाहीतर वॉटर बॉडीचा, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, पंखा झिजलेला असतो. थंड गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटांतच काटा लाल रेषेकडे निघाला, वरचा होज पाइप चटका देतोय आणि खालचा गार आहे, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बंद अवस्थेत अडकला आहे.

रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणी पाहतच नाही. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब आहे. त्या दाबाखाली निम्मे कूलंट, निम्मे पाणी हे मिश्रण सव्वाशे अंशांच्या पुढे उकळते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब धरत नाही, आणि कूलंटऐवजी नुसते पाणी असेल तर ते शंभरालाच उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर पंच्याण्णवच्या आसपास. याच झाकणात मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो शेजारच्या जादा कूलंटच्या बाटलीतले कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढून घेतो. तो चिकटला तर सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो, बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा. बाटली पाहून ‘कूलंट आहे’ म्हणणारे इथेच फसतात. म्हणून पातळी पाहायची ती रेडिएटरचे झाकण उघडून, तीही इंजिन पूर्ण गार असताना. गरम असताना झाकण फिरवले तर उकळते कूलंट तोंडावर येते. (नव्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, दाबाचे झाकण बाटलीवरच असते. नियम तोच.)

आता थर्मोस्टॅट. ‘आपल्या हवेत त्याची गरजच नाही, काढून टाकतो,’ हे वाक्य मुंबई ते नागपूर कुठेही ऐकायला मिळते. तो अडकला असेल तर काढल्यावर गाडी तापायची थांबते, गिऱ्हाईक खूश होते. पण मग इंजिन सकाळी फार उशिरा गरम होते, तोवर ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडत राहतो, त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. ज्या गाड्यांत काटा नाही, तिथे दहा-पंधरा मिनिटे चालवूनही ‘इंजिन थंड’ सांगणारा निळा दिवा विझत नाही. स्कॅनर लावला तर पी ०१२८ हा, म्हणजे पाणी पुरेसे गरम होत नसल्याचा, कोड येतो. पुष्कळ इंजिनांत हाच थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडे पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परतते, आणि ज्या चढासाठी तो काढला त्याच चढावर गाडी पुन्हा तापते.

तपासणी घरच्या गॅसवर होते. पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर आणि दोऱ्याला बांधलेला थर्मोस्टॅट, तळाला न टेकवता. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो. तिथे चकती हलू लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत सात-आठ मिलीमीटर उघडली पाहिजे. गार पाण्यात टाकल्यावर घट्ट मिटली पाहिजे. यातले एकही चुकले तर नवा बसवावा. सर्वसाधारण छोट्या गाडीचा काही शे रुपयांना मिळतो. बसवताना त्यावरची बारीक पिन वरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते.

कूलंट भरताना तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नये. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मे डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे पाणी अजिबात नको, त्याचे क्षार सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडमध्येच (सिलिंडरांवरच्या झाकणात), बसतात. हिरवे-लाल रंग पाहून जुळवाजुळव करू नये, रंगाचा ठरलेला असा काही नियम नाही. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे ठेवून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवावे. बुडबुडे थांबले की पातळी पुरी करून झाकण लावावे. मात्र बुडबुडे थांबतच नसतील, बाहेर गळती नसताना कूलंट घटत असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर असेल, तर हेडखालची गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) उडाली आहे. मग नुसती गॅस्केट बदलून भागत नाही. हेडवर स्ट्रेट एज (अगदी सरळ पट्टी) ठेवून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, वाक मोजावा. छोट्या पेट्रोल इंजिनांत साधारण ०.०५ मिलीमीटरच्या पुढे असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणे) करावेच लागते. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच) आवळायचे.

रस्त्यात काटा चढू लागला तर एसी बंद, इंजिनातली उष्णता खेचायला हीटर आणि ब्लोअर पूर्ण, आणि बाजूला थांबावे. वाफ दिसली तर इंजिन लगेच बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. अर्धा-पाऊण तास थांबावेच. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. वर गेलेला काटा अचानक खाली आला म्हणजे इंजिन गार झालेच असे नाही. पाणी संपल्याने सेन्सर कोरडा पडलेला असू शकतो, आणि त्या समाधानात पुढचे चार किलोमीटर चालवले की हेड वाकते.

गॅरेजवाल्यांना आणि त्यांच्या संघटनांना विनंती एवढीच: थर्मोस्टॅट काढला असेल तर बिलावर तसे लिहा. पुढच्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वाचेल. गाडीमालकांनी जुना पार्ट मागून घ्यावा आणि झाकण बदलले असल्यास त्यावरचा आकडा पहिल्याशी जुळतो का, हे तिथेच पाहावे.

— एक गॅरेजचालक, सातारा