‘समजलं’ म्हणणाऱ्या वर्गाचं काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिजिटल वर्गांविषयी आपल्या दैनिकात गेले काही आठवडे येणारी पत्रं मी नेमाने वाचते आहे. कुणाला वर्गातल्या पडद्यामुळे शिक्षणाचं सोनं होईलसं वाटतं, कुणाला मुलांच्या डोळ्यांचं आणि लक्षाचं वाटोळं. मी १८ वर्षं विज्ञान शिकवते, त्यांतली शेवटची ७ पडद्यासह. दोन्ही बाजू मला अर्धवट वाटतात, कारण दोघंही मुलांना पडद्यावर काय दिसतं यावरच भांडतात. मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते बाईंना दिसतं का, हे कुणी विचारत नाही.

आधी माझी फजिती सांगते. वर्गात प्रोजेक्टर आला तेव्हा विद्युत परिपथाचा धडा मी मोठ्या हौसेने त्यावर घेतला. विकत घेतलेल्या संचात एक चित्रफीत होती. घटातून पिवळे ठिपके निघत, तारेतून धावत बल्बमध्ये शिरत आणि बल्ब झगमगून उठे. आवाज येईना म्हणून पहिली दहा मिनिटं वायरी हलवण्यात गेली (शेवटी आवाज मीच दिला), पण नंतर वर्ग असा चिडीचूप झाला की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. “समजलं?” म्हटल्यावर एका सुरात “होऽऽ!”

दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडूने साधी आकृती काढली. एक घट, दोन सारखे बल्ब, एकसर जोडणी, म्हणजे एकाच तारेत एकामागून एक. कोणता बल्ब जास्त प्रकाश देईल? निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला, पहिला. कारण विचारलं तेव्हा एक मुलगी मला समजावत म्हणाली, “बाई, पहिला बल्ब आधी करंट खाणार ना! उरेल तेवढाच दुसऱ्याला.”

हा गैरसमज जगभरच्या भौतिकशास्त्र शिक्षकांच्या ओळखीचा आहे. बल्बमध्ये विद्युत ऊर्जेचं रूपांतर प्रकाशात आणि उष्णतेत होतं, धारा (म्हणजे मुलांचा ‘करंट’) खर्च होत नाही. एका टोकाने जेवढी आत जाते तेवढीच दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. चित्रफीत पुन्हा लावून पाहिली. ठिपके बल्बमध्ये ठळक शिरत होते आणि बाहेर येताना चित्रकाराने ते पुसट केले होते! पोरांनी जे पाहिलं तेच ती सांगत होती. फळ्यावर तो प्रश्न टाकला नसता तर त्या ‘होऽऽ’वर खूश होऊन मी पुढच्या धड्याला गेले असते. आधीच्या वर्षांत किती वेळा गेले असेन, कोण जाणे.

त्यानंतर शोधाशोध करताना हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांची पद्धत हाती लागली. १९९१ पासून ते वर्गात एक प्रश्न टाकतात, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. माझ्या मुलांकडे उत्तर नोंदवायची यंत्रं नाहीत, म्हणून मी प्लिकर्स या फोनवरच्या ॲपची कागदी कार्डं छापून घेतली. कार्डावर काळी चौकोनी नक्षी असते आणि तिच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणी काय म्हटलं ते मला दिसतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं पाहून लिहिण्याची सोय नाही. बोट नक्षीवर आलं की कॅमेऱ्याला कार्ड ओळखता येत नाही, म्हणून “काळ्यावर बोट नको” ही आमच्या वर्गाची घोषणाच झाली आहे.

खरं सांगायचं तर शिकण्याच्या दृष्टीने यंत्राने फार फरक पडतो असं नाही. नॅथॅनियल लासरी यांनी २००८ मध्ये माझूर यांच्याच पद्धतीत इलेक्ट्रॉनिक बटणं आणि साधी पुठ्ठ्याची कार्डं यांची तुलना केली, तेव्हा शिकण्यात दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. मग फोन कशाला? मागच्या बाकावरच्या एका मुलासाठी. हात वर करायला सांगितलं की त्याचा हात नेहमी बरोबर पर्यायालाच वर असे, फक्त क्षणभर उशिरा. संध्याकाळी फोनवरच्या नोंदी चाळताना लक्षात आलं की कार्डावर तो पाचातली चार उत्तरं चुकतोय. दोन वर्षं हा मुलगा मला हुशार वाटत होता. माझ्यापासून नीट लपून बसला होता, एवढंच.

बल्बचा प्रश्न मग कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’वर, म्हणजे पडद्यावर करायच्या विज्ञान प्रयोगांच्या संकेतस्थळावर नेला. हा प्रकल्प कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये सुरू केला, त्याच्या आदल्या वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. यातले प्रयोग फुकट आहेत आणि त्यांत मुलांना स्वतः तारा जोडता येतात. आम्ही बल्बच्या आधी आणि नंतर धारा मोजणारा ॲमीटर लावला. दोन्हीकडे एकच आकडा. “बाई, मीटर बिघडलाय,” पहिल्या बाकावरून निकाल आला.

म्हणून टॉर्चचे खरे बल्ब आणले, आणि माझं नशीब बघा, पहिलाच बल्ब दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त पेटला! वर्गात जल्लोष. बल्बही माणसांसारखे, दोन हुबेहूब सारखे नसतात. मी काही बोलणार तोच एकजण म्हणाला, “अदलाबदल करून बघू या?” केली. जास्त प्रकाश त्या बल्बबरोबर दुसऱ्या जागी गेला. आता कोण बरोबर यावर जी बाचाबाची झाली तिच्यात घंटा कुणाला ऐकूच आली नाही. हा क्षण पडद्यावरच्या प्रयोगाने मला दिला नसता, तिथले सगळे बल्ब सारखेच पेटतात. पण मीटरचा तो न पटणारा आकडा आधी पाहिला नसता तर खऱ्या बल्बांकडे इतक्या संशयाने कुणी बघितलंही नसतं.

प्रशिक्षणांबद्दल थोडंच लिहिते, कारण लिहायला लागले तर पत्र छापण्याजोगं राहणार नाही. दोन दिवस कोणतं बटण कुठे आहे ते शिकवतात. एक चांगला प्रश्न तयार करायला मला तासभर लागतो, कारण चुकीचे पर्याय मुलांच्या तोंडचे असावे लागतात, मनाने रचलेले चालत नाहीत. त्या तासाची सोय वेळापत्रकात नाही. पाहणीला येणारे पडदा चालू असल्याचा फोटो मात्र न चुकता मागतात.

मुलांच्या चुकीच्या उत्तरांची मी एक वही ठेवते. सध्या समांतर जोडणीच्या, म्हणजे प्रत्येक बल्ब घटाला स्वतंत्र जोडलेल्या परिपथाच्या पानावर अडले आहे. तिसरा बल्ब लावला की आधीचे दोन मंद होणार, असं वर्ग म्हणतो. पुस्तकात ते होत नाहीत, फेटमधल्या आदर्श घटावरही नाहीत. माझ्या कपाटातल्या जुन्या सेलवर मात्र ते खरंच मंद होतात, कारण सेलच्या आत धारेला अडवणारा स्वतःचा रोध असतो, आणि तो भाग या इयत्तेला नाही. हा प्रश्न वर्गात कसा टाकावा, ते कुणा शिक्षकाला सुचलं असेल तर याच सदरातून जरूर कळवावं.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका