तक्रार पत्र: दोन्ही सीडी पहिल्याच, दुसरी कुठे आहे?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या 'लाँग रोड आउट ऑफ ईडन' या अल्बमच्या दोन सीडींच्या संचात दुसरी सीडी नसल्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील संच मागवला. पूर्ण पैसे आगाऊ भरले. खोकं सीलबंद आलं, पण आतल्या दोन्ही कप्प्यांत पहिलीच सीडी निघाली. दोन्हींवर 1 हाच आकडा छापलेला आहे आणि मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत पट्टीवर कोरलेला क्रमांकही अक्षर न् अक्षर सारखा आहे. दोन्ही लावून पाहिल्या, तीच 11 गाणी वाजतात. फोटो, बिल आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर आधी सांगितलं की दोन सीडी मिळाल्या, म्हणजे ऑर्डर पूर्ण झाली. मग म्हणाले, सील फोडलं असल्यामुळे माल परत घेता येणार नाही. सील न फोडता आत काय आहे हे ग्राहकाला कळणार कसं? शेवटी निम्मे पैसे परत देण्याची तयारी दाखवली. ती मला मान्य नाही, आणि त्याचं कारण नीट सांगतो.

हा बँड 1980 मध्ये फुटला. 1994 मध्ये पुन्हा एकत्र आला तेव्हा चार नवी गाणी मिळाली, बाकी सगळं मैफलीतलं. 1979 च्या 'द लाँग रन'नंतर पूर्ण नवा स्टुडिओ अल्बम यायला 2007 उजाडलं. 28 वर्षं! इतकी वाट पाहायला लावून त्यांनी 20 गाणी दिली, आणि त्यांतली नऊ दुसऱ्या सीडीवर आहेत. पहिली सीडी सुंदरच आहे. सुरुवातीला चौघांचे आवाज जवळजवळ वाद्यांविना एकमेकांत मिसळतात तिथेच जुने ईगल्स परत भेटतात. पण अल्बमला ज्याचं नाव आहे ते दहा मिनिटांहून मोठं, वाळवंटातल्या युद्धाचं गाणं दुसऱ्या सीडीवर पहिलं आहे. त्याच्या पाठोपाठ बँडमधले गायक ग्लेन फ्राय यांनी रचलेला, ग्रॅमी मिळालेला शब्दांविना तुकडा येतो. अल्बमचं शेवटचं गाणंही फ्राय यांनीच गायलं आहे, पुढच्या पिढीच्या हाती जग सोपवणारं. 2016 मध्ये ते गेले. त्यांच्या आवाजातला ईगल्सचा यापुढे नवा अल्बम येणार नाही. माझ्यासारख्याला हे गाणं त्याच्या जागी, संचाच्या शेवटी ऐकायचं असतं. 'ऑनलाइन ऐका ना' हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण मी विकत घेतला आहे तो संच.

ई-कॉमर्स नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. म्हणून विनंती की चुकीचा संच आपल्या खर्चाने परत नेऊन योग्य संच पाठवावा. तो उपलब्ध नसेल तर पाठवणीच्या शुल्कासह पूर्ण रक्कम परत करावी. मुदतीत निवारण न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

नवा संच पाठवण्यापूर्वी दोन्ही सीडींवरचे आकडे पाहून घ्यावेत. त्यासाठी सील फोडावं लागलं तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही सीडींचे फोटो, व्हिडिओ