ढाणीवरच्या मदतगारांचे आभार

जैसलमेरकडच्या या ढाणीत, म्हणजे शेतातल्या वस्तीत, वर्षाला पाऊस पडतो तो दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्यावर गवार, काचरी (छोटी रानकाकडी) आणि तीन थारपारकर गाई जगवायच्या, हा आमचा हट्ट. २०२२ मध्ये गुरांमध्ये लम्पीची साथ आली आणि धाकट्या गाईच्या अंगावर गाठी उठल्या. आम्ही नेमके साताऱ्याला, गावी. ज्यांनी तिला वेगळं बांधलं, कडुनिंबाच्या पाण्याने जखमा धुतल्या, माश्या बसू नयेत म्हणून रात्रभर धूर केला, त्यांना नाव छापलेलं आवडायचं नाही. म्हणून नुसतेच आभार. गाय वाचली. आता दूध देते, लाथाही मारते.

टांका, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचं जमिनीतलं टाकं, तळाला गेल्यावर उंटगाडीवरून पाणी आणून ओतणारे काका, पैशांचा विषय काढला की तुम्हाला ऐकू येत नाही, हे आमच्या लक्षात आलंय बरं! आणि शेजारच्या माँसा, खेजडीचा पाला शेळ्यांसाठी कसा छाटायचा ते तुम्ही शिकवलंत. दसऱ्याला आपण पूजतो ती शमी हीच, हे मला चाळिशीत, तिच्याच सावलीत बसल्यावर कळलं.

गवार यंदाही नीलगाईंनी खाल्ली. त्यांचे आभार नाहीत.