भिंतीवरच्या शिडीसाठी लाकूड निवडताना

महोदय,

आपल्या पुरवणीत मुलांसाठी घरच्या घरी व्यायामाची साधने करण्यावर लेख आला होता. त्यात भिंतीला बसवायच्या शिडीची, म्हणजे वॉल बारची, मापे होती. लाकडाबद्दल मात्र ‘कोणतेही मजबूत लाकूड’ एवढेच. मी चिपळुणात सुतारकाम करतो. हे वाक्य वाचून कोणी वखारीत गेले, तर काय घरी येईल याची मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ तुटलेला दांडा घेऊन माझ्याकडे आले. पडद्याचे तयार लाकडी दांडे आणून त्यांनी शिडी केली होती. मुलगी लटकून झोके घेत असताना एक दांडा गेला आणि तिचे कोपर सुजले. मोड बोरूच्या टोकासारखी तिरपी होती. लाकूड किडके नव्हते, ओले नव्हते. चिरतानाच करवत लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, तिरपी गेली होती आणि दांडा त्याच तिरप्या रेषेवर सुटला. कातकाम आणि पॉलिश झाल्यावर हे वरवर पाहून कळत नाही.

म्हणून लाकडाच्या नावाआधी रेषा पाहा. रंधा मारलेल्या दोन लगतच्या बाजूंवर दौतीतल्या शाईचा थेंब टाका. शाई रेषेच्या दिशेने पसरते. पंधरा इंचांत रेषा एक इंचाहून जास्त सरकत असेल, तर तो तुकडा दांड्याला घेऊ नका. त्याच फळीचा उरलेला तुकडा छिन्नीने फोडून पाहिला तर आणखी खात्री पटते: सरळ फाटला पाहिजे. दांड्याच्या मधल्या भागात गाठ असली, मग ती सुपारीएवढी का असेना, तरी तो दांडा बाद करा.

ही शिडी मूळची स्वीडनची. एकोणिसाव्या शतकात पेर हेन्रिक लिंग यांच्या व्यायामपद्धतीबरोबर ती शाळाशाळांत पोहोचली. युरोपात दांड्यांना बीच नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. आपल्याकडे सह्याद्रीत धामण नावाचे झाड होते. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी तिच्याच करत, कारण ती लवते, पण पटकन मोडत नाही. सुकलेली धामण मिळाली तर मी दुसरे काही शोधणार नाही. ती न मिळाल्यास सरळ रेषेचे सागवान घ्या. उभ्या खांबांना तर सागवानच उत्तम, कोकणच्या पावसाळ्यातही ते फारसे वाकत नाही. नव्या सागाचा भाव झेपत नसेल, तर पाडलेल्या जुन्या घराचे वासे पाहा. ते वर्षानुवर्षे सुकलेले असतात. फक्त खिळ्यांची भोके आणि वाळवीची पोखर असलेला भाग कापून टाका. आंबा स्वस्त पडतो, पण त्याला भुंगा लागतो. खोक्यांच्या पाइनमध्ये गाठी फार.

जाडीत काटकसर करू नये. तीस मिलिमीटरचा दांडा छत्तीसचा केला, की त्याची ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते. मुलांची बोटे वेढून अंगठ्याला टेकतील इतपतच जाडी ठेवा आणि दोन खांबांमधले अंतर नव्वद सेंटिमीटरच्या आत. दांडा खांबात भोक पाडून बसवा. टोकाला खिळा ठोकला तर दांडा तिथेच चिरतो. बसवण्याआधी प्रत्येक दांडा दोन विटांवर ठेवून घरातल्या सर्वांत जड माणसाने त्यावर उभे राहावे. कुरकुरला तर बदला.

मल्लखांबाला एरंडेल चोळतात, ते अंग सहज सरकावे म्हणून. शिडीला ते नको, हात सुटेल. जाड, चकचकीत वॉर्निशही नको. बारीक पॉलिश पेपर मारून कुसळ राहिले नाही ना ते हाताने पाहा आणि दुकानात तयार मिळणाऱ्या उकळलेल्या (बॉइल्ड) जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. त्या तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

लेखात भिंतीचा उल्लेखच नव्हता. नव्या इमारतींत हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत साधा प्लग धरत नाही. तिथे आरपार बोल्ट टाकून मागे लोखंडी पट्टी द्यावी किंवा शिडी काँक्रीटच्या खांबावर, तुळईवर घ्यावी. पुरवणीत ही दुरुस्ती चौकटीत छापलीत, तर ती मापे कापून ठेवलेल्या पालकांपर्यंत पोहोचेल.

– एक सुतार, चिपळूण